भावजींची तीन अक्षरं

आमच्या घरी पावणा आला की त्याला आधी पाणी मिळायचं, मग चहा, आणि चहाची बशी खाली ठेवायच्या आत तीन इंग्रजी अक्षरं. पाणी आणि चहा आम्ही जावा द्यायचो. अक्षरं माझे धाकटे दीर गणपतराव द्यायचे.

"हं पावणं, सांगा बघू. डब्ल्यू, व्ही आणि वाय. तिन्ही ज्यात येतात असा एक इंग्रजी शब्द. लांब पाहिजे बरं का. दहा अक्षरांच्या आतला मी धरत न्हाय."

पावणा बिचारा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असायचा, नाहीतर म्हशीच्या औषधाची चौकशी करायला. तो घाम पुसत आढ्याकडं बघायचा. आढ्याला आमच्या कांद्याच्या माळा टांगलेल्या, त्यात डब्ल्यू कुठून सापडणार. मग त्याला एकाएकी एसटीची वेळ आठवायची. गारगोटीचे आमचे एक चुलतसासरे तर पुढं पुढं पत्रिका उंबऱ्यावर ठेवून, बाहेरूनच हाक मारून निघून जायला लागले. बयाबाई, म्हणजे भावजींची बायको आणि माझी जाऊ, म्हणायची, "आक्का, ह्यांच्यामुळं आपली साखर मात्र लई टिकती बघा."

मी स्वतः तिसरीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं ओळखते ती एसटीच्या नंबराच्या पाटीवरची, कारण आमचे मालक एसटीवर ड्रायव्हर होते. एकदा भावजींनी मलाही धरलं. मी पाट्यावर हिरव्या मिरचीचा खर्डा वाटत होते.

"वैनी, तुमास्नी सोपी देतो. एम आनि टी."

"भावजी, तोंड उघडा," मी म्हणाले.

त्यांना वाटलं उत्तराआधी काही गोडधोड मिळतंय. त्यांनी उघडलं. मी बोटभर खर्डा आत घातला. त्यानंतर माझी परीक्षा कायमची बंद झाली.

हे वेड त्यांना लागलं कसं ते सांगते, म्हणजे माणूस वाईट नव्हता हे कळेल. मॅट्रिकला ते इंग्रजीत दोनदा आपटले. तिसऱ्या खेपेला अंबाबाई पावली की पेपर तपासणारा पावला कोण जाणे, पण पास झाले आणि एका साखर कारखान्याच्या हापिसात कारकून म्हणून चिकटले. पहिल्याच महिन्यात त्यांनी इंग्रजीत एक पत्र लिहिलं. मोठ्या साहेबानं त्यातले बारके बारके शब्द खोडले, त्यांच्या डोक्यावर एकच ढांगभर लांब शब्द लिहिला आणि कागद परत टेबलावर टाकला. नुसता हसला. भावजी त्या रात्री जेवले नाहीत.

"वैनी, आपल्यात आनि सायबात फरक एवढाच हाय," म्हणाले. "त्याच्याकडं लांब शब्द हायत."

"त्याच्याकडं मोटार पण हाय," मी म्हणाले. पण ते त्यांच्या कानात शिरलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ते जुन्या बाजारातून एक डिक्शनरी घेऊन आले. पुठ्ठा गेलेली, आणि सुरुवातीची पानं कुणीतरी चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधायला फाडलेली. त्यामुळं 'ए'पासून सुरू होणाऱ्या शब्दांशी भावजींची ओळख जरा कमीच राहिली. बाकीची डिक्शनरी मात्र त्यांनी उभी-आडवी वाचून काढली. कुणी रेडिओवर भजन ऐकतं, कुणी विड्या ओढतं, भावजी खाटेवर पडून अक्षरं जुळवत बसायचे. आणि एक सांगते, हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. पावण्याला अक्षरं देताना त्यांना स्वतःला उत्तर माहीत असायचंच असं काही नाही. तोंडाला येतील ती तीन अक्षरं फेकायचे आणि पावणा पळाला की मग स्वतः शोधत बसायचे. सापडलं नाही तर दोन दिवस चिडचिड करायचे आणि आमटीला मीठ जास्त झालंय म्हणायचे.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांची मुलगी कालिंदी लग्नाची झाली आणि हसणं महाग पडायला लागलं.

आपल्याकडं मुलगी बघायला येतात तेव्हा काय काय विचारतात ते सगळ्या बायकांना ठाऊक आहे. चालून दाखव, सुईत दोरा ओव, नाव सांग, स्वैपाक येतो का, केस खरे का खोटे. मुलाला मात्र कुणी काही विचारत नाही. तो नुसता पोहे खातो. भावजींचं म्हणणं, हा अन्याय आहे. इथवर मला ते पटलं. म्हटलं, चला, कुणीतरी मुलाला विचारतंय. पण ते विचारायचे काय, तर झेड, एक्स आणि डब्ल्यू.

पहिलं स्थळ गारगोटीच्या शाळेतले मास्तर. पोहे खाऊन झाल्यावर भावजींनी अक्षरं टाकली. मास्तर म्हणाले, "काका, मी भूगोलाचा."

"मग? भूगोल काय मोडीत शिकवतासा?"

मास्तर गेले ते गेले. दुसरं स्थळ चंदगडचं. धो धो पावसात एसटीनं भिजत आलेली माणसं, येताना काजूची पिशवी घेऊन आली होती. अक्षरं ऐकून मुलाच्या बापानं मुलाकडं बघितलं, मुलानं बापाकडं बघितलं, आणि दोघं उठले. जाताना काजूची पिशवी परत घेऊन गेले. बयाबाईला मुलगा गेल्याचं एवढं वाटलं नाही. तिसरा एक कंपाउंडर आला. तो तयारीचा निघाला. त्यानं खोकल्याच्या औषधाचं हातभर लांब नाव घडाघडा म्हणून दाखवलं. मी मनात म्हटलं, जमलं. तर भावजी म्हणाले, "ते नाव झालं. मी शब्द मागितला."

मग सोयऱ्या-धायऱ्यांत बोभाटा झाला. 'त्या घरात पोरगी बघायला जाऊ नका, तिथं पेपर असतो.' कालिंदीच्या बरोबरीच्या मुली पोरं कडेवर घेऊन माहेरी यायला लागल्या, आणि ही आपली शिवणाच्या क्लासला जातेय आणि येतेय.

कालिंदी तोंडाळ नव्हती. पण आतून घट्ट. संध्याकाळी दूध आणायला ती गंगावेशीत जायची. गंगावेशीचा दूधकट्टा म्हणजे तिथं म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढून देतात. तिथं कृष्णात म्हणून एक मुलगा आपल्या मामाच्या म्हशी पिळायला यायचा. मूळ उचगावचा. मॅट्रिक झालेला. दिवसा उद्यमनगरात लेथ मशीनवर काम, पहाटे आमच्या पेठेतल्या तालमीत जोर-बैठका, संध्याकाळी म्हशी. सहा महिने मी बघत होते, कालिंदीनं आणलेला दुधाचा तांब्या रोज जास्तच जड व्हायला लागला होता. आपण शेराचे पैसे द्यावेत आणि दूध सव्वा शेर यावं, हे कुठल्या गवळ्याकडून होत नाही. होतं ते एकाच कारणानं.

मी तिला मोरीवर गाठलं. "किती दिवस चाललंय?"

ती भांडी घासत म्हणाली, "थोरल्या आई, त्याच्या घरची मागणी घालायला येणार हायत. आण्णांनी त्याला परत पाठवला, तर मी दुसऱ्या कुणापुढं पोह्याची बशी घेऊन जायची न्हाय. हे तुमी आईला सांगा, न्हायतर नका सांगू."

मी कुणालाच सांगितलं नाही. पण झोप माझी गेली.

कृष्णातचा बाप केरबा आला. पांढरा फेटा, हातात घुंगराची काठी, आवाज असा की बोलला की शेजारचं कुत्रं उठायचं. त्यानं सरळ विचारलं, "पोरगी आमच्या पोराला द्या. आमाला काय नको."

भावजी खुर्चीत ताठ झाले. लेथवर काम करणारा, हाताला तेल, वर आणि म्हशी. पण जात-गोत सगळं जुळत होतं, नाही म्हणायला तोंड नव्हतं. ते म्हणाले, "आमच्यात मुलाची परीक्षा असते."

"ठावं हाय," केरबा म्हणाला. "त्याच्यासाठी सगळा जिल्हा तुमास्नी ओळखतो."

"येत्या रविवारी मुलाला पाठवा. अक्षरं मी तिथल्या तिथं देणार. शब्द सापडला तर पुढची बोलणी. न्हाय सापडला तर विषय संपला."

केरबानं हे घरी सांगितलं, कृष्णातनं तालमीत सांगितलं, आणि तालमीत सांगितलं म्हणजे पेठेत दवंडी पिटली. आता आमच्या पेठेतली माणसं कशी, तर त्यांना जगात एकच गोष्ट नीट समजते, ती कुस्ती. दोन माणसं समोरासमोर बसणार, एक डाव टाकणार, दुसरा सोडवणार, आणि शेवटी निकाल लागणार. मग ही कुस्ती नाही तर काय? रविवारपर्यंत पेठेत दुसरं बोलणं नव्हतं. 'आपल्या तालमीचा पट्ठा लढणार हाय.' कशाशी लढणार, तर इंग्रजीशी. हे कुणाला विचित्र वाटलं नाही. इंग्रजी तरी काय, तिलाही पाठ असेलच की टेकवायला.

पैलवान शब्दांच्या शोधाला लागले. ज्ञानू पैलवानानं खोकल्याच्या बाटलीवरचा कागद भिजवून काढून आणला. दुसऱ्या एकानं तर कुणाच्या तरी विहिरीवरच्या इंजिनाची पत्र्याची पट्टीच स्क्रू काढून आणली, तिच्यावर इंग्रजी लई होतं म्हणून. ज्याचं इंजिन, तो शेतकरी शिव्या देत तालमीत आला आणि कारण समजल्यावर म्हणाला, "आदी सांगायचं न्हवं का, पंपावरची दुसरी पट्टी पन आनली असती." तालमीच्या भिंतीवर गेरूनं शब्द लिहिले गेले. वाचता कुणालाच येत नव्हते, पण लांबी बघून सगळे खूष.

तालमीचे वस्ताद पिराजी. वय झालेलं, कान कुस्तीत मोडून भज्यासारखे झालेले, मन लहान पोराचं. त्यांनी कृष्णातला समोर बसवलं.

"हे भिंतीवरचं काय कामाचं न्हाय," ते म्हणाले. "नुसतं बघून डाव येतोय व्हय? वस्ताद पायजे. ह्या इंग्रजीच्या अक्षरांचा कोल्हापुरात सगळ्यात मोठा वस्ताद कोन?"

सगळ्या तालमीनं एका आवाजात सांगितलं, "गणपतराव."

"मग जा की त्येंच्याकडं," पिराजी म्हणाले. "नारळ घे, पेढं घे, पायावर डोकं ठेव. म्हनावं, पट्ठा करून घ्या."

यात काही कावा होता असं मला आजही वाटत नाही. पिराजी वस्तादांना कावा करता आला असता तर ते त्या तालमीच्या गळक्या छपराखाली राहिले नसते. त्यांच्या हिशोबानं सरळ होतं. डाव शिकायचा तर जाणत्याकडून शिकायचा. तो जाणता रविवारी समोर बसणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सोमवारी संध्याकाळी कृष्णात दारात उभा. अंगात धुतलेला सदरा, एका हातात नारळ-पेढे, दुसऱ्या हातात दुधाचा तांब्या.

भावजी म्हणाले, "परीक्षा रविवारी हाय."

"व्हय. आज परीक्षेला न्हाय आलो," तो म्हणाला. "शिकायला आलोय. शब्द कसा शोधायचा तेवढं शिकवा. तुमच्यावानी कुनाला येत न्हाय म्हनत्यात."

त्यानं नारळ भावजींच्या हातात ठेवला आणि पाय धरले.

मी चुलीजवळून बघत होते. भावजींच्या तोंडावरून काय काय गेलं ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं त्यांनी अक्षरं फेकली आणि माणसं पळाली. शिकवा म्हणून कुणी आलं नव्हतं. कारखान्यात साहेब हसायचा, घरात मी तोंडात खर्डा घातला, बयाबाई साखर मोजायची. आणि आता हा दांडगा मुलगा पायाशी वाकलाय. ते खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग बयाबाईला म्हणाले, "नारळ आत घे. आनि चटई टाक."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शिकवणी. कृष्णात म्हशी पिळून यायचा, अंगाला दुधाचा वास. भावजी गरम दूध पीत शिकवायचे.

"लांब शब्द म्हंजे पैलवान. त्येला येकदम अंगावर घ्यायचा न्हाय," ते सांगायचे. हापिसची भाषा कधीच गळून पडली होती. "आदी त्येचं शेपूट बघायचं. लांब इंग्रजी शब्दाला शेपूट असतंय. शन, मेंट, नेस, बिलिटी. शेपूट हातात आलं की निम्मा शब्द आला."

"आनि तोंड?"

"तोंडाला अन, डिस, इन. ही काढून बाजूला ठेवायची. मधी राहील तो मूळ गडी. आनि ध्यानात ठेव, तीन अक्षरांतलं जे दुर्मीळ, तेच आदी धरायचं. टी आनि ई काय, गल्लीबोळात सापडत्यात. क्यू आला तर आदी क्यूला धर. क्यूच्या मागं यू असतोच, नवऱ्यामागं बायको चालल्यावानी."

"आता बायका पुढं चालत्यात, वस्ताद."

"तुझी पुढं चालू दे," भावजी म्हणाले, आणि कुणाची बायको, कसली बायको, हे ध्यानात येऊन त्यांनी तांब्यातलं दूध संपवलं.

आतल्या खोलीत कालिंदी ब्लाउजच्या काजांना टाके घालत हे सगळं ऐकायची. तिला नवीन काहीच नव्हतं. पाळण्यात असल्यापासून ती हेच ऐकत आली होती. कधी कधी भावजी अडले, की ती ओठांतल्या ओठांत शब्द पुटपुटायची आणि मग भावजींना तो सापडेपर्यंत दोरा तोडून नवा ओवायची.

मला वाटायला लागलं, भावजी विरघळले. म्हणून शनिवारी मी विचारलं, "पोरगं कसं वाटतंय?"

"डोकं हाय. पन उद्या मी सोडणार न्हाय, वैनी. शिकवणं येगळं, परीक्षा येगळी. अशी अक्षरं देतो, की साहेब पण पळेल."

हे ऐकून आतली शिलाई थांबली.

रविवारी आम्ही माजघरात सतरंजी टाकली होती, चार माणसांपुरते पोहे भिजवले होते. आणि सकाळी गल्लीत हलगी वाजायला लागली. सगळी तालीम कृष्णातला घेऊन येत होती, पुढं हलगी, मागं पैलवान, त्यांच्या मागं पेठेतली रिकामी माणसं, म्हणजे सगळी पेठ. केरबा घुंगराची काठी आपटत येत होता. माजघर कुणाला पुरणार? बाकडी गल्लीत आली, सतरंजी गल्लीत आली. बायका गच्च्यांवर आणि खिडक्यांत. पोहे बघून बयाबाई म्हणाली, "आक्का, आता ह्यात पानी वाढवता पन येत न्हाय."

भावजी आधी रागावले. मग एवढी माणसं आपली अक्षरं ऐकायला आलीत हे बघून आत गेले आणि काळा कोट घालून, फेटा बांधून आले.

पिराजी वस्ताद पंच म्हणून मधे उभे राहिले. कुस्तीआधी जसं विचारतात तसं त्यांनी मोठ्यानं विचारलं, "ह्या जोडीतला पट्ठा कोन?"

"कृष्णात केरबा, उचगाव," पैलवान ओरडले.

"वस्ताद कोन?"

कृष्णातनं भावजींकडं हात केला. "गणपतराव."

"बरं. आनि समोर लढणार कोन?"

मग ज्ञानू पैलवान हळू आवाजात म्हणाला, "गणपतरावच की."

पिराजी वस्तादांचा हात हवेतच राहिला. पाठवणारे तेच, पण हे त्यांच्या डोक्यात आत्ता आलं. ते मान हलवायला लागले. "ही जोड लागत न्हाय. वस्ताद आनि पट्ठा येकमेकांच्या अंगाला हात लावत न्हाईत. कोल्हापुरात आजपातुर असं झाल्यालं न्हाय, आनि माझ्या हातनं व्हायाचं न्हाय."

"अहो पिराजी, ही काय कुस्ती हाय?" भावजी म्हणाले. "इंग्रजीचा विषय हाय."

"नारळ घेतलासा का न्हाय?"

"घेतला."

"म्हंजे ठेवलाय अजून तसाच? परत देतासा?"

आतून बयाबाईनं सांगितलं, "त्येची चटणी झाली मंगळवारीच."

गल्लीत हशा पिकला. पिराजी मात्र हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं हा देवाधर्माचा प्रश्न होता. "चटणी खाल्ली म्हंजे तुमी वस्ताद. आता तुमी त्येच्या बाजूला उभं ऱ्हायाचं. त्यो हारला तर नाव तुमचं जाणार. गणपतरावांचा पट्ठा चीत झाला, असं म्हनणार लोक."

भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढ्या लोकांपुढं. इकडं बघतात तर पेठ, तिकडं बघतात तर पेठ. सकाळपर्यंत त्यांना मुलगा पडायला हवा होता, आणि आता तो पडला तर तेच पडणार होते.

"मग अक्षरं देणार कोन?" केरबा गरजला.

"मी देते," कालिंदी म्हणाली.

ती दारात उभी होती, पदर खांद्यावरून घेऊन. आजवर मुलगी बघायला आलेल्यांपुढं तिनं मान वर केली नव्हती. आता सगळ्या गल्लीकडं बघत होती.

लोकांत कुजबुज झाली. पोरीला हाच मुलगा पाहिजे हे कुणाला माहीत नव्हतं असं समजू नका. पेठेत गुपित ठेवायला जागाच नसते. पिराजी वस्ताद बोट नाचवत म्हणाले, "पोरी, एक सांगतो. सोपी अक्षरं दिलीस तर मी नुरा धरीन. ठरवून केलेल्या कुस्तीला ह्या पेठंत मान न्हाय. मग शब्द सापडला तरी त्यो सापडला असं मी म्हननार न्हाय."

"सोपी न्हाय देत," कालिंदी म्हणाली. "आण्णांचाच नेम. दहा अक्षरांच्या आतला चालणार न्हाय. क्यू, के आनि एच."

भावजींनी डोळे मिटले. मला अक्षरं कळत नव्हती, पण भावजींचा चेहरा कळत होता. ही पोरगी स्वतःच्या हातानं स्वतःची गाठ सोडतेय की काय, असं वाटलं.

कृष्णात सतरंजीवर बसला. हलगी थांबली. तो ओठ हलवायला लागला. "क्यू... क्यूच्या मागं यू..." पुढं गाडी हलेना. कपाळावरून घाम नाकावर आला. पेठेतली एवढी माणसं, पण आवाज फक्त केरबाच्या घुंगरांचा, तोही तो काठी या हातातून त्या हातात करत होता म्हणून. चहा थंड होत होता. पिराजी वस्तादांनी एकदा बोटं मोडली. आणि एकदा कृष्णातनं कालिंदीकडं बघितलं, तेव्हा तिनं मुद्दाम दुसरीकडं मान वळवली.

आणि मग भावजींना राहवेना. त्यांच्यातला वस्ताद उठला. कुस्तीत बाहेरून वस्तादानं ओरडायला बंदी नसते.

"शेपटाला के लाव," ते ओरडले. "आरं शेपटाला! शन आनि मेंट सोड, हितं ते न्हाय."

"के लावला, वस्ताद. पुढचं सापडंना."

"तोंड बघ की तोंड. लांब न्हाय ते. रोज पायाखाली असतंय."

भावजी आता कोटाची बटणं सोडून सतरंजीभोवती फिरायला लागले. शब्द त्यांना सापडला होता हे मला दिसलं. सापडला की त्यांची उजवी भुवई उडायची. पण सांगायचा कसा? वस्तादानं डाव ओरडावा, कुस्ती करू नये, हा नेम. ते फिरता फिरता केरबा बसला होता त्या बाकड्याशी आले. बाकड्याचं टोक धरलं आणि जीव खाऊन हलवायला लागले. केरबाच्या हातातला चहा धोतरावर सांडला.

"आरं आरं आरं," केरबा ओरडला. "भूकंप झाला का काय पुन्यांदा?"

कोयनेचा मोठा भूकंप होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या पहाटे सगळं कोल्हापूर घरातून बाहेर पळालं होतं, आणि पुढं महिनाभर पेपरात, हापिसात, कॉलेजच्या पोरांच्या तोंडात त्याचं इंग्रजी नाव होतं.

कृष्णात ताडकन उभा राहिला. "अर्थक्वेक."

"अक्षरं म्हण," पिराजी म्हणाले, जणू त्यांना कळणारच होती.

कृष्णातनं एकेक अक्षर म्हटलं आणि भावजींनी एकेक बोट मुडपलं. ई, ए, आर, टी, एच. इथं पोरगा जरा अडखळला. भावजींचे ओठ त्याच्या आधी हलत होते. क्यू, यू, ए, के, ई. दोन्ही हातांची बोटं संपली आणि भावजींच्या दोन मुठी वळलेल्या राहिल्या. त्या मुठी वर करून ते असे ओरडले, की मॅट्रिक पास झाल्यावरही तसे ओरडले नव्हते.

बाकडं त्यांनी मुद्दाम हलवलं की भरात हलवलं, हे मी त्यांना पुढं पुष्कळदा विचारलं. शेवटपर्यंत सांगितलं नाही. पिराजी वस्तादांनी मात्र त्यात काही गैर धरलं नाही. बाकडं हलवू नये असा नेम तालमीत नव्हता.

हलगी सुरू झाली. पैलवानांनी कृष्णातला खांद्यावर घेतलं. जिंकलेल्या पट्ठ्याला वस्तादानं स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा असतो. पिराजी म्हणाले, "गणपतराव, फेटा." भावजींनी आपल्या डोक्यावरचा फेटा उतरवला आणि खांद्यावरून उतरलेल्या कृष्णातच्या डोक्याला बांधला. शेवटचा शेव खोचता खोचता त्यांचा हात थांबला. आपल्या दारात, सगळ्या पेठेपुढं, आपण कुणाच्या मुलाच्या डोक्याला आपला फेटा बांधतोय, हे त्यांना तेव्हा उमगलं असावं. त्यांनी आमच्या खिडकीकडं बघितलं. बयाबाई रडत होती आणि मी तिला गप्प करत होते. मग त्यांनी शेव नीट खोचला.

केरबा ओलं धोतर झटकत पुढं आला. "पावणं, मग आता बोलायचं का पुढचं?"

"बोलायचं काय त्यात?" भावजी म्हणाले. "माझा पट्ठा दुसऱ्याच्या दारात जावई म्हणून बसलेला मला खपणार हाय व्हय?"

पोहे कुणाला पुरले नाहीत ते नाहीतच. मी आत आले, तर कालिंदी चुलीपाशी उभी. मी तिचा कान धरला. "काय गं, तोंडचं पाणी पळवलंस आमच्या. ती अक्षरं कशाला दिलीस? त्याला आलं नसतं तर?"

"थोरल्या आई, आण्णा आदी अक्षरं काढत्यात आनि मग शब्द हुडकत बसत्यात," ती म्हणाली. "मी आदी शब्द काढला. त्या भूकंपाच्या दिवशी आमी समदे गल्लीत झोपलो हुतो, तवा कट्ट्यावरनं दूध घेऊन त्योच आलता, आनि ह्यो शब्द मी पयल्यांदा त्येच्याच तोंडनं ऐकला. शब्द त्येला ठावा हुता. फक्त आठवायला जरा उशीर लागला."

"आणि आठवला नसता तर?"

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं टोपलीतली शिळी भाकरी घेतली, तिच्यावर मिरचीचा ठेचा घेतला, आणि बाहेर आपल्या लग्नाची तारीख ठरत असताना उभ्याउभ्याच सगळी खाऊन टाकली.